मिस्टर अगू आणि एमीबाई

१

टॅब्लेटचं मागचं झाकण निघालं आणि आत निळं सर्किट बोर्ड दिसलं, तेव्हा समितीच्या खोलीत पंख्याशिवाय कशाचाच आवाज येईना. एलिनामचं बोर्ड हिरवं असायला हवं होतं. हिरवं, आणि त्यावर तिच्या कंपनीचं नाव: ब्लेवू. घानातल्या एवे भाषेत ब्लेवू म्हणजे हळूहळू. या निळ्या बोर्डावर मुंगीएवढ्या अक्षरांत सातासमुद्रापलीकडच्या कुठल्या तरी कारखान्याचा शिक्का होता.

"हे माझं नाही," एलिनाम म्हणाली.

"तुझं नाही ते दिसतंच आहे की, बाई," मागून क्वार्शी म्हणाला आणि खो-खो हसला. हा क्वार्शी बाहेरून तयार टॅब्लेट मागवतो आणि वर स्वतःच्या नावाचा स्टिकर चिकटवून विकतो. अख्खं आक्रा त्याला स्टिकरवाला म्हणतं. त्यालाही त्याची काही लाज नाही. "मला हसत होतात ना सगळे? घ्या. निदान मी खोटं तरी बोलत नाही."

मी कोपऱ्यात बसून टिपणं घेत होतो. मी एकाव बायडू, तंत्रज्ञान मंत्रालयाच्या चौकशी शाखेत मॅडम अकवेलेंचा मदतनीस. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता आणि माझं डोकं उपाशीपोटी चालत नाही. पण एवढं मलाही कळत होतं की आता मोठा घोळ झालाय.

कारण समिती ज्या नियमाला मंजुरी द्यायला बसली होती, तो असा: सरकारी शाळांना टॅब्लेट घ्यायचे तर ज्यांचं बोर्ड इथे, आपल्या देशात तयार झालंय, अशाच कंपन्यांकडून घ्यायचे. नियम लिहिला होता आमचे उपसंचालक डॉक्टर सार्पोंग यांनी. त्यासाठी या माणसाने किती मंत्र्यांचे उंबरे झिजवले, त्याला गणती नाही. आणि नियमात बसणारा नमुना सगळ्या घानात एकच होता, टेमा शहरातल्या या पोरीचा. डॉक्टर पूर्वी कुमासीला विद्यापीठात शिकवायचे तेव्हाची ती त्यांची विद्यार्थिनी. एकही देशी बोर्ड नसेल, तर देशी बोर्डाचा नियम करायचा कुणासाठी?

डॉक्टर उठून तिच्याजवळ गेले. "बस, बेटा. पाणी पी," म्हणाले. त्यांचाच चेहरा पांढराफटक पडला होता.

समितीचे अध्यक्ष ताकीसाहेब फार बोलत नाहीत. चष्मा काढून ते म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत वेळ देतो. चौकशी मॅडम अकवेले करतील. काही निघालं नाही, तर ब्लेवूला सरकारची दारं कायमची बंद. आणि नियमही बासनात."

"माझ्या चाळीस पोरी आहेत तिथे, सर," एलिनाम म्हणाली. "एकेक जोड स्वतःच्या हातांनी केलाय त्यांनी. कुणीतरी बोर्ड बदललंय."

"कोण बदलणार? हे काय मोबाइलचं कव्हर आहे?" क्वार्शीने विचारलं.

एलिनाम मग कुणाकडेच न बघता बोलली. "ते झाकण ओरखडा न पाडता उघडणारी आमच्याकडे दोनच माणसं आहेत. एक मी. दुसरा माझा भाऊ, सेन्यो."

२

"आगोऽऽ," मी मॅडम अकवेलेंच्या दारात उभं राहून हाक दिली.

"आमेऽऽ! ये आत. दार लावून घे, केंकीचा वास अख्ख्या मजल्यावर जातोय."

मॅडम जेवत होत्या. मक्याच्या सालीत उकडलेला आंबवलेल्या पिठाचा गोळा, म्हणजे केंकी, तळलेला मासा आणि वाटीभर तिखटजाळ शितो चटणी. मॅडम पक्क्या गा जमातीच्या, आक्राच्याच. मी फांटी. आमची केंकी केळीच्या पानातली असते, आणि त्यांच्यापेक्षा शंभर पटींनी चांगली असते, पण वरिष्ठांशी वाद कशाला घालायचा?

"बघू नको असा माझ्या माशाकडे," त्या म्हणाल्या. "तुम्ही फांटी लोक! घर पेटलं तरी आधी स्वयंपाकघर वाचवाल. बोल, शुक्रवारचं काय?"

शुक्रवारचं असं. एलिनामने नमुना गुरुवारी नमुन्यांच्या खोलीत जमा केला. नियमाप्रमाणे त्याला लाखेचं सील लावायचं असतं, पण लाख गेल्या वर्षीच संपली आणि नवी मागवायची फाइल कुठल्या टेबलावर झोपलीय ते देवाला माहीत. खोलीचा रखवालदार इद्रिसू दारातल्या खुर्चीवरून हलत नाही. फक्त शुक्रवारी दुपारी तो नमाजाला गेला आणि किल्ली डॉक्टर सार्पोंग यांच्या हातात देऊन गेला. जे काही झालं ते त्या मधल्या वेळात.

"आणि त्या वेळी फळीच्या पलीकडे कोण बसलं होतं?"

"यान्सेनसाहेब, मॅडम."

यान्सेन म्हणजे डेन्मार्कहून आलेला सल्लागार. आमचं तंत्रज्ञान धोरण सुधारायला आलेला. येऊन पंधरवडाही झाला नव्हता. माणूस सरळ, घामाने निथळत असायचा आणि सगळ्यांना थँक्यू म्हणायचा. नमुन्यांची खोली आणि त्याचं टेबल यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची फळी. दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. त्याने आपला जबाब सुबक टाइप करून दिला होता. मी वाचून दाखवला.

"'शुक्रवारी दुपारी शेजारच्या खोलीत आधी मिस्टर अगू आणि एमी यांची भेट झाली. त्यांची भाषा मला कळली नाही. थोड्या वेळाने मिस्टर सेन्यो आत आल्याचं मी ऐकलं. ते माझ्याशी एकदा बोलले असल्याने त्यांचा आवाज मी ओळखतो. एका माणसाची पावलं वाजली. त्यानंतर बराच वेळ शांतता, आणि मग बारीक स्क्रू फिरवल्यासारखा आवाज.'"

मॅडमचा घास हातातच राहिला. "अगू? हा कोण आणखी?"

"नाव तर नायजेरियातलं वाटतंय. इग्बो असेल. आणि मॅडम, आयात करणाऱ्यांचे बरेचसे दलाल तिकडचेच की! क्वार्शीचाच माणूस असणार तो."

"आणि एमी?"

"एमी..." मला एकदम आठवलं. "हिशेब विभागात आहे एक एमी!"

"मग जा, बघ," मॅडम म्हणाल्या. "आणि वाटेत जेवून घे काहीतरी. तुझं पोट मघापासून माझ्याहून मोठ्याने बोलतंय."

"आलोच," म्हणून मी जो पळालो, तो सरळ खालच्या टपरीवर. वाच्ये म्हणजे चवळीभात, दोन अंडी, वरून तळलेली केळी. परत वर पोचलो तेव्हा मॅडमचा चहासुद्धा पिऊन झाला होता.

आणि हिशेबातली एमी? तिचं खरं नाव अमेर्ले, आणि ती निघाली सहा महिन्यांची गरोदर. शुक्रवारी ती दवाखान्यात होती. परक्या पुरुषाबरोबर बंद खोलीत भेटलात का, असं मी विचारलं, त्यावर तिने पंचिंग मशीन उचललं. कसाबसा जीव वाचवून आलो. प्रवेशद्वारावर अगू नावाच्या माणसाची नोंद नव्हती. वॉचमनने अगू पाहिला नव्हता, लिफ्टवाल्याने पाहिला नव्हता. लिफ्ट बंद असल्यामुळे लिफ्टवाल्याने तसं काहीच पाहिलं नव्हतं.

म्हणजे दोन माणसं मंत्रालयात शिरली, भेटली आणि हवेत विरून गेली. माझं डोकं भणभणायला लागलं.

३

सेन्यो आला तो रागाने लाल होऊनच. सडपातळ पोरगा, बोटांवर जागोजागी सोल्डरिंगच्या चटक्यांच्या खुणा. बहिणीपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. एलिनाम खिडकीशी उभी होती. तिने मान वळवून बघितलंही नाही.

"शुक्रवारी तू आला होतास?" मॅडमनी विचारलं.

"आलो होतो. चार्जर जमा करायचा राहिला होता. खोलीत डॉक्टर होते. कपाटाजवळ उभे. त्यांना म्हटलं, सॉरी सर, चार्जर खाली गाडीतच राहिला. खाली गेलो, गाडी पार पोस्टाजवळ लावलेली. परत येईतो खोलीला कुलूप. मग चार्जर खाली स्वागतकक्षात देऊन टाकला आणि गेलो. झालं."

"किती वेळ होतास आत?"

"आत? धड खुर्चीतसुद्धा बसलो नाही, आंटी."

स्वागतकक्षातल्या बाईंना मी विचारून आलो होतो. चार्जर त्याने दिला होता, खरं. पण कधी दिला, ते त्यांना आठवेना. म्हणजे सेन्यो म्हणतो तसंही झालं असेल, आणि अर्धा तास वर स्क्रू फिरवून नंतर चार्जर दिला असंही असेल. हातात काहीच नाही.

"आणि क्वार्शीबरोबर ओसूच्या खानावळीत बांकू कोण खात होतं?" खिडकीशी उभ्या एलिनामने तोंड उघडलं. "तेही सांग ना आंटींना."

सेन्यो बोटांवरच्या खुणा खाजवू लागला.

"सांग ना! तिप्पट पगार देतो म्हणाला ना तो तुला?"

"देतो म्हणाला. मी नाही म्हटलं."

"मग घरी का नाही बोललास?"

"कारण तू अशीच बघशील म्हणून!" तो ओरडला. "मी त्याचा बांकू खाल्ला, एलिनाम. तुला विकून नाही खाल्लं."

क्वार्शीला बोलावलं, तर तो गडी दिलखुलास. "हो, दिली ऑफर! पोराच्या हातात जादू आहे. पण तो म्हणाला, ताईला विचारतो. आता ताईला विचारून नोकरी करणारा माणूस मी कशाला घेऊ? आणि मॅडम, हा नियम आला तरी मी मरत नाही. उद्या पंखे आणीन आणि पंख्यांवर स्टिकर लावीन."

"हा अगू तुमचा माणूस का हो?" मी मध्येच विचारलं.

"कोण अगू?"

"नायजेरियन."

"चाले, दोस्ता, नायजेरियन माणूस माझ्याकडे असता, तर मी आज मंत्री नसतो झालो?"

शेवटी डॉक्टर सार्पोंग आले. आम्ही सगळेच उठून उभे राहिलो. ते बसले, चष्मा पुसला. "मॅडम, मला हे सांगताना फार जड जातंय. मी खोलीत होतो. सेन्यो आला. मला फोन आला, म्हणून त्याला आत ठेवून मी बाहेर गेलो. परत आलो तेव्हा खोली रिकामी होती. मी कुलूप लावलं."

"खोटं!" सेन्यो म्हणाला. "सर, मी गेलो होतो, तुम्ही नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. "बाळा, पैशाची गरज कुणालाही पडते. खरं सांगितलंस तर मी ताकीसाहेबांशी बोलेन."

"आणि अगू? एमी?" मॅडमनी विचारलं.

डॉक्टर गोंधळले, अगदी मनापासून गोंधळलेले दिसले. "तिथे आणखी कुणीच नव्हतं, मॅडम."

आता सांगा. ज्या माणसाने नियम जन्माला घातला तो म्हणतो सेन्यो आत राहिला. ज्याचा कुणाशी काही संबंध नाही तो परदेशी पाहुणा म्हणतो सेन्यो आत आला. मी टिपणवहीत सेन्योच्या नावाखाली रेघ मारली. मॅडमनी ती पाहिली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिनाम मॅडमच्या खोलीत आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"ताकीसाहेबांचा फोन होता," ती म्हणाली. "ते म्हणाले, सेन्योविरुद्ध मी स्वतः पोलिसांत तक्रार केली, तर ब्लेवूची फसवणूक झाली असं धरता येईल. नवा नमुना घेतील. कंपनी वाचेल. नियम वाचेल."

"आणि तुला काय वाटतं?" मॅडमनी विचारलं.

"मला काय वाटतं?" ती हसली, पण ते हसणं बघवेना. "आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. पाठीवर बांधून वाढवायचं राहिलं फक्त. सोल्डरिंग करायला मी शिकवलं त्याला. आणि आता मला वाटतं की केलं असेल त्याने. काल रात्री घरी तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. डॉक्टर कशाला खोटं बोलतील, आंटी? हा नियम म्हणजे त्यांचं पोर आहे. स्वतःच्या पोराचा गळा कोण दाबतं?"

मलाही हेच वाटत होतं. मी मान डोलावली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "माझ्या भावाने केलं. मी दुपारी समितीसमोर तसं सांगते."

"दुपारी सांग. आत्ता नको," मॅडम म्हणाल्या. "एकाव, चल."

"कुठे?"

"त्या डेन्मार्कवाल्याकडे. त्याचा जबाब वाचलाय, पण त्याला विचारलंय कुणी काही?"

खरंच की! त्याने इतकं सुबक टाइप करून दिलं होतं की कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. आम्ही फळीमागच्या त्याच्या खोलीशी पोचलो. मॅडम जिना चढून दमल्या होत्या, म्हणून मीच पुढे झालो आणि सवयीने हाक दिली, "आगोऽऽ!"

यान्सेन खुर्चीतून ताडकन उठला. चेहऱ्यावर आनंद मावेना. पुढे येऊन माझा हात दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "अरे! म्हणजे तुम्हीच मिस्टर अगू!"

५

मी पुतळ्यासारखा उभा. मॅडमनी भिंतीला हात टेकला. मला वाटलं त्यांना चक्कर आली, पण त्या हसत होत्या. आवाज न करता, अख्खं अंग हलवत.

"साहेब," त्या शेवटी म्हणाल्या, "कुणाच्या दारात जाताना आम्ही 'आगो' म्हणतो. म्हणजे, येऊ का आत? आणि आतला माणूस म्हणतो, 'आमे'. म्हणजे, या."

यान्सेनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे एमी...?"

"एमीबिमी कुणी नाही."

आणि मी हिशेब विभागात गरोदर बाईच्या हातचा मार खाता खाता वाचलो होतो! जन्म गेला माझा आगो-आमे करण्यात, पण कागदावर 'मिस्टर अगू' असं टाइप केलेलं दिसलं आणि माझी अक्कल गहाण पडली. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"म्हणजे शुक्रवारी बाहेरून एकजण आला," मॅडम सावकाश म्हणाल्या, "आणि आत एकजण होता. त्याने या म्हटलं. दोनच माणसं. ते डॉक्टरही कबूल करतात आणि सेन्योही. मग साहेब, त्यानंतर तुम्ही लिहिलंय की सेन्यो आत आला. तो तर आधीच आत होता."

"नाही नाही," यान्सेन म्हणाला. "तो नंतर आला. मी स्वतः ऐकलं. त्याआधीचं बोलणं मला कळलं नाही, पण हे तो इंग्रजीत म्हणाला. स्पष्ट."

"काय म्हणाला? त्याचेच शब्द सांगा."

"'आय अ‍ॅम कमिंग.' मग पावलं वाजली. तो आत आला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण धड हाताला लागेना.

"तुम्ही इथेच बसा हं, साहेब," मॅडम म्हणाल्या. "आय अ‍ॅम कमिंग." आणि त्या वळल्या, दाराबाहेर पडल्या आणि व्हरांड्यातून दिसेनाशा झाल्या.

यान्सेन दाराकडे बघत बसला. मग माझ्याकडे. "पण... त्या तर गेल्या."

"हो," मी म्हटलं.

"पण त्या म्हणाल्या, मी येतेय."

"अहो, जाताना माणूस दुसरं काय म्हणणार?" असं म्हणताना मीच दचकलो. काल टपरीवर पळताना मी 'आलोच' म्हणालो होतो. रोज म्हणतो. 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणजे चाललो, परत येतो. आगो-आमे त्या बिचाऱ्याला कळलं नाही, म्हणून त्याने त्यांची नावं केली. पण हे शब्द इंग्रजी होते, त्याच्या ओळखीचे, म्हणून त्याने ते कुणाला विचारलेही नाहीत.

मॅडम परत आल्या तेव्हा हसत नव्हत्या. "बाहेर पडणारी पावलं एकाच माणसाची. सेन्योची. त्यानंतर शांतता आणि स्क्रूचा आवाज. मग खोलीत राहिलं कोण, एकाव?"

मी टिपणवही काढली आणि सेन्योच्या नावाखालची रेघ खोडू लागलो. ती काही केल्या नीट खोडली जाईना.

६

समितीची खोली गच्च भरली होती. एलिनाम उठून काही बोलणार, तोच मॅडमनी तिला हाताने खाली बसवलं. यान्सेनने शुक्रवारी ऐकलेलं पुन्हा सांगितलं, या वेळी जसंच्या तसं. 'आय अ‍ॅम कमिंग' म्हटल्याबरोबर खोलीत कुजबुज उठली. कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. ताकीसाहेबांनी चष्मा काढला.

मॅडम डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टर, तुम्ही म्हणता त्या वेळी बाहेर तुम्ही गेलात. जाताना काय म्हणालात?"

"काही नाही. फोन होता कानाला."

"तुम्ही? या इमारतीत इतकी वर्षं आपण बरोबर आहोत. झाडूवालीच्या समोरूनसुद्धा तुम्ही 'आलोच' म्हटल्याशिवाय उठत नाही. आपल्या विद्यार्थ्याला न सांगता उठून गेलात?"

डॉक्टर सार्पोंग यांनी आपली जुनी चामडी बॅग उघडली, रुमालात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. हिरवं बोर्ड.

"टाकून द्यायला हवं होतं," ते म्हणाले. "हात झाला नाही."

एलिनामच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून विसरता येत नाही. "सर, तुम्ही?"

"खोलीत जुन्या नापास नमुन्यांचा ढीग आहे. त्यातलंच एक बोर्ड बसवलं. असं झाकण उघडायला तुला मीच शिकवलं होतं, बेटा. मी एका सेडीचीही लाच घेतलेली नाही, ताकीसाहेब. कुणाकडूनच नाही." त्यांचा आवाज चढला. "एक मोठी परदेशी कंपनी टेमात कारखाना काढायला तयार आहे. दोन हजार माणसं लागतील. जुळणी इथे, बोर्ड त्यांचं. पण माझा नियम आहे तसा राहिला तर ते शेजारच्या देशात जातील. मी माझ्याच नियमात अडकलो. म्हटलं, एकही देशी नमुना पास झाला नाही तर समिती आपण होऊन नियम सैल करेल. कुणाला काही विचारायची गरज पडणार नाही. चाळीस पोरींसाठी दोन हजार लोकांच्या पोटावर पाय द्यायचा? सांगा ना कुणीतरी!"

मला तर ते चोर वाटत होते आणि बरोबरही वाटत होते, दोन्ही एकाच वेळी. अजूनही वाटतात.

"आणि माझा भाऊ?" एलिनामने विचारलं. "त्याला तुरुंगात पाठवणार होतात?"

डॉक्टरांनी मान खाली घातली.

ताकीसाहेबांनी ते हिरवं बोर्ड उचललं, उलटसुलट पाहिलं. "नमुना पास," ते म्हणाले. "आता प्रश्न नियमाचा. मिस एलिनाम, शाळांना पुढच्या वर्षी सहा लाख टॅब्लेट लागणार. नियम आज आहे तसा मंजूर केला, तर सगळे तुझ्याकडूनच घ्यावे लागतील. देशील?"

सेन्यो तिच्या कानाशी लागला. पण कुजबुजताना त्याचा आवाज नेहमीच मोठा होतो. "हो म्हण. नंतर बघू."

क्वार्शी पुढे झुकला. सगळी खोलीच पुढे झुकली. एलिनाम हो म्हणाली असती तर कालपर्यंत खोटारडी ठरलेली बाई आज देशातली सगळ्यात मोठी कारखानदार झाली असती, आणि एकाही माणसाने तिला अडवलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "वीस हजार. त्याच्यावर एकही नाही."

"मग बाकीचे?"

"बाकीचे आणा कुठूनही. त्या परदेशी कंपनीला येऊ द्या, जुळणी करू द्या. पण वीस हजार माझ्याकडून घ्या, आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझ्याकडे चाळीस हजार मागा. त्याच्या पुढे आणखी. त्यांनाही सांगा, दरवर्षी थोडं बोर्ड इथलं लावा."

ताकीसाहेब आमच्या कायदा अधिकाऱ्याकडे वळले. "असं लिहिता येतं?" तो बिचारा छताकडे बघायला लागला. दरवर्षी वाढत जाणारा वाटा नियमात बसवायचा कसा, ते या मंत्रालयात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आता ताकीसाहेबांनी बोलावलेले पोलीस उभे होते.

"येतं," डॉक्टर म्हणाले. "एकाव, लिहून घे."

त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, मी टाइप केलं. स्वल्पविरामसुद्धा तेच सांगत होते. मध्ये एकदा त्यांनी एलिनामला विचारलं, "तिसऱ्या वर्षी साठ झेपतील?" ती म्हणाली, "पन्नास धरा, सर." त्यांनी पन्नास धरले. सही सोडून सगळं पूर्ण झालं, तेव्हा त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि पोलिसांबरोबर चालू लागले.

बाहेर व्हरांड्यात सेन्यो बहिणीच्या आडवा उभा राहिला.

"माझं नाव सांगणार होतीस ना तू आज?"

"हो."

"वीस हजार माझ्याशिवाय होणार नाहीत, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग चुकले म्हण."

"थोरली आहे मी तुझी!"

"म्हणूनच."

एलिनामने इकडेतिकडे पाहिलं. आम्ही सगळे तिथेच होतो, क्वार्शीसकट. "चुकले," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

"चुकले रे!" ती एवढ्याने ओरडली की खालच्या मजल्यावरची टाइपिंगची खडखड थांबली. आणि मग ती तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. सेन्यो हसला नाही, तिच्या शेजारीही बसला नाही. तिचं रडून होईपर्यंत उभा राहिला, मग ताकीसाहेबांनी परत दिलेलं हिरवं बोर्ड तिच्या हातातून काढून घेऊन शर्टाच्या टोकाने पुसत तिच्या पुढे जिना उतरू लागला.